पोटमाळ्यावरचा डबा आणि १९४३ ची टंचाई

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी आमच्या मंडळातल्या एका मुलाचा फोन आला. त्याने आणि त्याच्या बायकोने सिनसिनाटीला लागून असलेल्या नॉरवुडमध्ये घर घेतलंय. १९३० च्या दशकात बांधलेलं, लाल विटांचं. पोटमाळ्यावर इन्सुलेशन घालायला आलेल्या माणसांना तुळईमागे एक पत्र्याचा डबा सापडला होता.

"मावशी, आत जुनी कूपनं आहेत, चिल्लर आहे, लाल-निळ्या चकत्या आहेत, ख्रिसमसचे काचेचे गोळे आहेत. तुम्ही असलं सगळं जमवता ना? टाकून देऊ, की काही येईल त्याचं?"

"काही पुसू नकोस, धुऊ नकोस," मी म्हटलं. "नाणी तर अजिबात घासू नकोस. मी निघतेच."

मी जमवते त्या वस्तूंना इथे 'होमफ्रंट'च्या वस्तू म्हणतात. दुसरं महायुद्ध आघाडीवर लढलं जात असताना जे मागे घरी राहिले, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या, पर्समधल्या, गाडीच्या काचेवरच्या वस्तू. हेल्मेटं आणि पदकं जमवणारे पुष्कळ आहेत, त्यात मला कधी गोडी वाटली नाही. ओहायोत आल्यावर, घरातलं जुनं सामान विकायला काढतात तशा एका विक्रीत मी दोन डॉलरला एक रेशनचं पुस्तक घेतलं, ते केवळ 'रेशन' ह्या शब्दासाठी. माझी आजी गिरगावात राहायची. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं, आणि रांगेत उभं राहून आणलेल्या धान्याच्या गोष्टी तिने आम्हाला इतक्या वेळा सांगितल्या होत्या की तो शब्द मला आमच्या घरचाच वाटायचा. तोच शब्द, तेच वर्ष, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला एका बाईच्या सहीचं पुस्तक! त्या दिवसापासून मी ह्यात आहे.

पिशवीत नेहमीचं सामान टाकलं: दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटं लोहचुंबक, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा वजनकाटा आणि यूव्ही टॉर्च. एवढ्यावर नव्वद टक्के काम भागतं. बाकीचं काम एका प्रश्नाने होतं, आणि तो प्रश्न मी प्रत्येक वस्तूला विचारते: ही बनली तेव्हा टंचाई कशाची होती? त्या चार वर्षांत अमेरिकेत घरोघरी जे काही बनलं, त्याच्या अंगात टंचाई आहे. तांबं नाही म्हणून स्टील, पितळ नाही म्हणून चांदी, पत्रा नाही म्हणून पुठ्ठा. नकली वस्तू बनवणारा माणूस चित्र हुबेहूब उतरवतो, टंचाई उतरवायची मात्र त्याच्या लक्षात येत नाही.

डायनिंग टेबलावर पांढरी चादर अंथरून आम्ही तिघं बसलो. आधी चिल्लर.

१९४३ चे एकतीस सेंट निघाले, एक सोडून सगळे राखाडी. तांबं तोफगोळ्यांना आणि तारांना हवं होतं, म्हणून त्या एका वर्षी सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या स्टीलचा पाडला. लोक त्याला दहा सेंटचं नाणं समजून फसायला लागले आणि पुढच्या वर्षी टांकसाळ पुन्हा तांब्याकडे वळली. हे सेंट शंभर कोटींहून जास्त पाडले गेले, त्यामुळे वापरलेल्या नाण्याला पंचवीस-पन्नास सेंटच मिळतात. पण त्याची कड बघायची असते. मुलामा आधी पूर्ण पत्र्याला दिला जायचा आणि मग त्यातून चकत्या कापल्या जायच्या, म्हणजे कडेला उघडं स्टील राहायचं. म्हणून अस्सल जुन्या नाण्याला गंज चढतो तो कडेपासून. चकचकीत 'नवंकोरं' स्टीलचं नाणं घेऊन कोणी आलं, तर भिंगाखाली कड बघा. कडेवरही मुलामा चढला असेल, तर ते नंतर कोणीतरी पुन्हा मुलामा देऊन विकायला काढलंय, आणि जमवणाऱ्याच्या लेखी त्याची किंमत गेली.

त्या एकतिसांत एक मात्र तांबूस होतं. मुलाने ते बोटांत धरून वर केलं. "मावशी, ह्याचे लाखो डॉलर येतात ना?"

येतात हे खरं. १९४३ मध्ये तांब्याच्या काही चकत्या यंत्रात चुकून राहिल्या आणि त्यांच्यावर त्या वर्षाचा ठसा उमटला. मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळकरी मुलाला १९४७ मध्ये शाळेच्या कँटीनच्या सुट्ट्या पैशांत असं एक मिळालं. त्याने ते आयुष्यभर जपलं आणि २०१९ मध्ये ते लिलावात २,०४,००० डॉलरला गेलं. मी टेबलावर लोहचुंबक ठेवलं. नाणं टच्‌कन जाऊन चिकटलं. म्हणजे स्टीलच, वरून तांब्याचा मुलामा. चिकटलं नसतं तरी काट्यावर ठेवलंच असतं: तांब्याचा सेंट ३.११ ग्रॅम, स्टीलचा २.७ च्या आसपास. वजनही बरोबर आलं असतं, तर वर्षातला ३ चा आकडा बघितला असता. १९४८ च्या नाण्यातला ८ अर्धा कापून ३ केलेला असतो, आणि १९४३ च्या अस्सल ३ ची शेपटी चांगली लांब खाली उतरते, ती अशा कापलेल्या आकड्याला जमत नाही. इतकं सगळं पार करून जे उरतं, तेच पुढे तपासणीला पाठवायचं.

पाच सेंटची नऊ नाणी निघाली. त्यांच्या मागच्या बाजूला इमारतीच्या घुमटावर टांकसाळीचं मोठं अक्षर असेल, पी, डी किंवा एस, तर ते युद्धकाळातलं. निकेल वाचवण्यासाठी ऑक्टोबर १९४२ पासून १९४५ अखेरपर्यंत ह्या नाण्यात ३५ टक्के चांदी घातली, आणि ती वेगळी ओळखता यावीत म्हणून अक्षर मोठं करून वर नेलं. एका नाण्यात पावणेदोन ग्रॅम चांदी. सराफाचा त्या दिवशीचा भाव बघा, तीच त्याची कमीत कमी किंमत.

मग चकत्या. ह्या मला फार आवडतात, कारण ह्या आमच्याच गावच्या. सोळा मिलिमीटरची लाल किंवा निळी चकती, दाबून घट्ट केलेल्या फायबरची, मध्ये १ चा आकडा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक अक्षर. किंमत नियंत्रण कार्यालयाने, म्हणजे ओपीएने, २७ फेब्रुवारी १९४४ पासून ह्या काढल्या, आणि त्या बनल्या सिनसिनाटीच्या ऑसबोर्न रजिस्टर कंपनीत. तोवर प्रत्येक वस्तूला ठरलेले कूपनांचे 'पॉइंट' मोजताना दुकानदारांच्या नाकी नऊ आले होते. आता प्रत्येक कूपन दहा पॉइंटांचं झालं, आणि सात पॉइंटांचं मांस घेतलं की तीन लाल चकत्या मोड म्हणून परत. लाल मांस-लोणी-चीजसाठी, निळी डबाबंद भाज्या-फळांसाठी. तळणीतली उरलेली चरबी गाळून डब्यात साठवायची आणि खाटकाकडे नेऊन द्यायची, कारण त्यातल्या ग्लिसरीनपासून स्फोटकं बनत. पौंडाला चार सेंट आणि दोन लाल पॉइंट मिळायचे.

अक्षरांच्या जोड्या लाल रंगात तीस आणि निळ्यात चोवीस. बहुतेकांना पंचवीस-तीस सेंटच्या वर कोणी देत नाही, पण लाल 'एमव्ही' दुर्मिळ आहे. म्हणून मूठभर चकत्या कोणी डॉलर-दोन डॉलरला देत असेल, तर प्रत्येकीची अक्षरं वाचूनच पुढे जायचं. त्या डब्यात साठ-बासष्ट होत्या. आम्ही सगळ्या वाचल्या. एमव्ही नव्हती. ह्या चकत्या कधीही पाण्यात घालू नका. फायबर फुगतं, कड उलगडते आणि पुन्हा बसत नाही.

रेशनची पुस्तकं रबरबँडने बांधलेली होती. रबर सुकून कागदाला चिकटलेलं. ते ओढायचं नाही, बोथट सुरीच्या टोकाने हळूहळू सुटं करायचं. ह्याला पाऊण तास गेला. आई आणि दोन मुलं, तिघांची पुस्तकं, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत.

पहिलं पुस्तक मे १९४२ चं, साखरेसाठी काढलेलं. फोटो नाही, म्हणून माणसाचं वर्णन लिहिलेलं असतं: उंची, वजन, डोळ्यांचा रंग, केसांचा रंग, वय. धाकट्या मुलीचं वय सहा, उंची तीन फूट नऊ इंच, वजन शेहेचाळीस पौंड, डोळे निळे. सही अर्थात आईची, निळ्या शाईची, शेवटच्या अक्षराला जोरात ओढलेली रेघ. ह्या पुस्तकातलं १७ नंबरचं कूपन १९४३ मध्ये बुटांसाठी लावलं होतं, ते तिघांच्याही पुस्तकातून गेलेलं. पण नोव्हेंबर १९४२ ते जुलै १९४३ कॉफीचं रेशन होतं, तेव्हा ती फक्त पंधरा आणि त्यापुढच्या वयाच्या माणसांनाच मिळायची, आणि वय ठरायचं ते ह्याच पुस्तकावरून. म्हणून आईची कॉफीची कूपनं कापलेली आणि मुलांची शाबूत. मुलाची बायको एक एक पान उलटत हे बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे घरात कॉफी पिणारी ती एकटीच."

तेव्हा आम्हाला कळलं की वडिलांचं पुस्तकच नाही. सैन्यात भरती होणाऱ्याला आपलं रेशनचं पुस्तक परत करावं लागायचं, त्यामुळे वाटणारच की तो सैन्यात गेला असेल. पण नसलेल्या कागदावरून माणूस युद्धावर पाठवायचा नाही, हा माझा नियम आहे. वडील वारले असतील, वेगळे राहत असतील, काहीही असेल. मग डब्याच्या तळाशी कापसात गुंडाळलेली नखाएवढी पिन निघाली. लाल चौकट, पांढरं मीना, मधोमध एक निळा तारा. घरातला एक माणूस सैन्यात आहे, असं सांगणारी. खिडकीत लावायचा निळ्या ताऱ्याचा झेंडा पहिल्या महायुद्धात ओहायोच्याच एका कॅप्टनने, रॉबर्ट क्वीसरने, १९१७ मध्ये आखला. माणूस कामी आला की निळ्या ताऱ्यावर सोनेरी तारा शिवायचा. पिन ही त्या झेंड्याची अंगावर लावायची आवृत्ती. मागे भिंगातून वाचलं: स्टर्लिंग. साध्या स्वस्त पिना ज्या पितळेच्या बनत, ते पितळ युद्धाला गेलं, म्हणून त्या काळच्या कितीतरी पिना चांदीच्या आहेत. कापसातून तारा निघाला तो निळाच. तिघंही थोडा वेळ गप्प होतो.

आता पत्ता. पहिल्या पुस्तकावर घराचा क्रमांक, रस्ता आणि पुढे नुसतंच गाव. चौथ्या पुस्तकावर, १९४३ च्या शरदातल्या, तोच रस्ता, आणि पुढे 'सिनसिनाटी १२, ओहायो'. मोठ्या शहरांना टपाल विभागाचे आकडे दिले गेले ते मे १९४३ मध्ये, आणि पाच आकडी झिप कोड आला १९६३ मध्ये. नॉरवुडच्या आजच्या ४५२१२ मधला शेवटचा १२ तोच. तारीख ठरवायला ह्याच्याइतकं सोपं आणि भरवशाचं साधन नाही. लिफाफा, बिल, बियांचं पाकीट, काड्यापेटी, काहीही असो. पत्त्यात एक-दोन आकडी क्रमांक असेल तर ते १९४३ ते १९६३ मधलं, आणि पाच आकडी झिप असेल तर युद्धकाळातलं मुळीच नव्हे, विकणारा कितीही शपथा घेवो. काड्यापेटीच्या पाकिटाला आणखी एक खूण: घासायची पट्टी पुढच्या बाजूला असेल तर ते जुनं; १९७० च्या दशकात ती सुरक्षेसाठी मागे नेली.

रस्ता आणि घराचा क्रमांक वाचून मुलगा म्हणाला, "मावशी, हे आमचंच घर आहे."

पुस्तकांची किंमत सांगते, कारण इंटरनेटवर लोक एकेका पुस्तकाला शंभर डॉलर लावून बसलेले दिसतात. लावणं निराळं आणि मिळणं निराळं. नेहमी झालेल्या विक्रीचा भाव बघायचा, मागितलेला बघायचा नाही. साधं पुस्तक मी तीन ते आठ डॉलरच्या वर कधी घेतलेलं नाही. एका कुटुंबाचा पूर्ण संच, एकाच पत्त्याचा, तर पंचवीस-तीस. पुस्तक बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाला मिळालं, आणि युद्ध संपल्यावर कोणी ते टाकलं नाही. 'पुन्हा लागलं तर?' साखरेचं रेशन जून १९४७ पर्यंत चाललं, त्यामुळे लोकांची भीती खोटी नव्हती. जे सगळ्यांनी जपलं ते आज स्वस्त, आणि जे भिंतीवर लावून दोन आठवड्यांत उतरवून रद्दीत गेलं ते महाग.

म्हणूनच पोस्टरांच्या बाबतीत मी हात राखून असते. सुरुवातीच्या वर्षांत एका विक्रेत्याकडून मी लाल रुमाल बांधून दंड दाखवणाऱ्या बाईचं 'वी कॅन डू इट!' हे पोस्टर एकशे चाळीस डॉलरला घेतलं. वडील कारखान्यात होते, त्यांच्या लॉकरमधलं आहे, असं त्याने सांगितलं. कागद पिवळसर, कडा फाटलेल्या. घरी आणून अंधारात यूव्ही टॉर्च लावला आणि सगळा कागद निळा-पांढरा पेटला. ती चमक कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात त्या रसायनांची, आणि ती रसायनं कागदात आली युद्धानंतर. युद्धकाळातला कागद टॉर्चखाली मंद, मातकट राहतो. चहाच्या पाण्याने रंगवलेला कागदही सहसा चमक पूर्ण लपवू शकत नाही. मला फार वाईट वाटलं, पैशांपेक्षा त्या रचलेल्या वडिलांचं. नंतर मी त्या पोस्टरचा अभ्यास केला. जे. हॉवर्ड मिलर ह्याने ते वेस्टिंगहाउसच्या कारखान्यांसाठी केलं, फेब्रुवारी १९४३ मध्ये जेमतेम दोन आठवडे लावलं गेलं, साधारण अठराशे प्रती छापल्या होत्या, आकार १७ बाय २२ इंच. युद्धाच्या काळात बाहेरच्या लोकांनी ते पाहिलंही नव्हतं. ते गाजलं ते १९८० च्या दशकात. म्हणजे घरोघरी असलेलं प्रत्येक पोस्टर त्यानंतरचं धरून चालायचं.

सरकारी पोस्टरचं तसं नाही. ती भरपूर छापली गेली, आणि खाली बारीक अक्षरांत सरकारी छापखान्याचं नाव आणि वर्ष असतं. टपालाने घडी घालून पाठवत असत, त्यामुळे घडीच्या खुणा हा दोष मानू नका. घडीच नसलेलं, गुळगुळीत पोस्टर दिसलं की मीच दोनदा बघते.

डब्यात पत्त्यांचा एक जोडही होता. विमानं ओळखायला शिकवणारा, प्रत्येक पानावर एकेका विमानाची काळी आकृती. युनायटेड स्टेट्स प्लेइंग कार्ड कंपनी तेव्हा नॉरवुडमध्येच होती, २००९ मध्ये ती केंटकीत गेली. असे जोड नंतर पुन्हाही छापले गेले. अस्सल जोडाच्या पाकिटावर पत्त्यांवरच्या कराचं तिकीट असतं, तो कर १९६५ मध्ये उठला. ह्या पाकिटावर ते अर्धं फाटलेलं तिकीट होतं, आणि बावन्न पानंही पूर्ण. सगळ्या डब्यात एका वस्तूला सर्वांत जास्त भाव येईल असं विचाराल, तर हा जोड.

पण मला घरी न्यावेसे वाटले ते काचेचे गोळे. अकरा होते, अंड्यांच्या पुठ्ठ्यासारख्या खोक्यात. पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरोच्या कारखान्यात काचेचे दिवे फुंकणाऱ्या यंत्रावर हे फुगे बनत, आणि 'शायनी ब्राइट' नावाने विकले जात. युद्धाआधीचा गोळा आतून चांदीच्या लेपाने आरशासारखा झळकतो. ह्यांच्यात चांदी नाही. काच पारदर्शक, वर हाताने ओढल्यासारख्या गुलाबी, निळ्या, पांढऱ्या बारीक रेघा, त्यातून पलीकडची खिडकी दिसते. वर पत्र्याच्या टोपीऐवजी खाकी पुठ्ठ्याची टोपी. मी एक गोळा दिव्यासमोर धरला. टोपीच्या कडेला बोटांच्या घामाचा काळसर वळसा होता, कोणीतरी दरवर्षी तिथेच धरून लावत असणार. नऊ गोळ्यांच्या टोप्या मूळच्या, दोनांना पुढे कधीतरी पत्र्याच्या बसवलेल्या. टोपी मूळची असेल तर चार-पाच डॉलर, बदललेली असेल तर दीड. ह्या टोप्यांना पाणी आणि दमट तळघर, दोन्ही चालत नाहीत.

मुलाच्या बायकोने विचारलं, "ह्या सगळ्यात विकू नये असं काही असतं का?"

असतं. १९ फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांना घरातून उचलून छावण्यांत ठेवलं गेलं, आणि त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. त्यांनी तिथे भंगार लाकडातून कोरलेल्या पाट्या, चित्रं, पिना बाजारात येतात. २०१५ मध्ये न्यू जर्सीत अशा सुमारे साडेचारशे वस्तूंचा लिलाव ठरला होता. त्या घराण्यांच्या वारसांनी विरोध केला, लिलाव रद्द झाला आणि वस्तू लॉस एंजेलिसच्या जपानी-अमेरिकन संग्रहालयाकडे गेल्या. त्याही होमफ्रंटच्याच वस्तू आहेत. माझ्यासमोर अशी वस्तू आली तर मी भाव सांगत नाही, संग्रहालयाचा पत्ता देते.

आमच्या डब्याची बेरीज पावणेदोनशे ते दोनशे डॉलर झाली. मुलाने आकडा ऐकला, मान हलवली आणि विचारलं, "आणि ह्या तिघांचं काही कळेल का?" १९५० च्या जनगणनेची पानं २०२२ मध्ये खुली झालीत, रस्त्याच्या नावाने शोधता येतात. आम्ही तिथेच लॅपटॉप उघडला. पाऊण तासाने त्या घराच्या ओळीवर पोचलो. चार नावं होती. कुटुंबप्रमुख पुरुष, खाली बायको, त्याखाली दोन्ही मुलं, आणि धाकटीचं वय चौदा.

रेशनची पुस्तकं आणि पिन त्या घरातच राहणार आहेत, आम्लविरहित कागदाच्या लिफाफ्यात, तळघरात नव्हे तर वरच्या खोलीतल्या कपाटात. चकत्या आणि सेंट त्याने मला देऊ केले. मी दोन लाल चकत्या घेतल्या. पत्त्यांचा जोड विकायचा की ठेवायचा ते दोघांचं अजून ठरत नाहीये. गोळ्यांसाठी मी कोरडं खोकं आणि कापूस पाठवलाय. डिसेंबरात ते झाडावर लावणार आहेत, म्हणून तिला मी फोनवर पुन्हा एकदा बजावलं: टोपीला धरायचं नाही, गोळ्याला खालून तळहाताचा आधार द्यायचा.